नॉटपेड

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेच्या दुपारी मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी ओट्यावर बसलो होतो. जेवणं झाली होती, पानाचा डबा फिरत होता आणि सोयाबीनच्या भावावरून घरातल्या पुरुषांची नेहमीची चर्चा चालू होती. मध्येच पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, 'काका, तुमचा सत्कार लय भारी झाला होता पाहा. पण माह्या मोबाइलचा सगळा डेटा खाऊन गेला!'

सगळे हसले. मीही हसलो. साठी उलटलेल्या लेखकाचा सत्कार कुणाचं काही खाऊ शकतो, ही कल्पनाच मला गमतीची वाटली. पण पुतण्या पुढे सांगत गेला तसं माझं हसू आटत गेलं.

हकिगत अशी. सप्टेंबरात आमच्या इथल्या वाचनालयानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं आणि माझं लांबलेलं उत्तर, असा रीतसर कार्यक्रम. नातवानं मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. सहा तुकडे झाले, सगळे मिळून साडेतीनशे एमबीच्या आसपास. रात्री दहा वाजता ते मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. गटात सत्तेचाळीस माणसं. सकाळी उठून कोण काय म्हणालं ते वाचू, असं म्हणत समाधानानं झोपी गेलो.

दुसरा दिवस गावाकडे निराळाच उजाडला होता. त्या दिवशी ई-पीक पाहणीची मुदत संपत होती. शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही पद्धत सुरू झाली. शेतकऱ्यानं आपल्या शेतात उभं राहून मोबाइलवरच्या ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. मग ती सातबाऱ्यावर चढते. ही नोंद नसेल तर पुढे नुकसानभरपाई असो, पीकविमा असो, की हमीभावाची खरेदी असो, जिथे जावं तिथे आधी तोच प्रश्न येतो. पुतण्याच्या दोन गटांची नोंद झाली होती. तिसरा गट राहिला होता. सोयाबीनचाच.

दुपारी दोनला तो शेतात पोहोचला, फोटो काढला आणि पाठवायला गेला तर मोबाइलवर संदेश: आजचा दीड जीबी डेटा संपला. रेंज होती, पण वेग नव्हता. रोजचा वाटा संपला की बहुतेक योजनांमध्ये जोडणी तुटत नाही, ती नुसती सरपटू लागते. सेकंदाला ६४ किलोबिट, म्हणजे आठ किलोबाइट. तीन एमबीचा एक फोटो त्या वेगानं जायला सहा मिनिटांहून अधिक लागतात, तेही मध्ये काही अडलं नाही तर. ॲप तेवढा दम धरत नव्हतं. पुन्हा पुन्हा सगळं पहिल्यापासून.

वरचा डेटा विकत घ्यावा म्हटलं तर मोबाइलवरून पैसे भरायलाही डेटाच हवा. विहिरीतून पाणी काढायचं आणि दोर विहिरीत पडलेला, अशी गत. रिचार्ज करून देणारा गावातला दुकानदार बाजाराला गेलेला. 'मंग तुम्हालेच फोन लावला, काका,' पुतण्या म्हणाला, 'पण तुमचा फोन सारखा बिझीच.'

मी अभिनंदनाचे फोन घेत बसलो होतो.

अखेर शेजारच्या शेतकऱ्यानं आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला आणि साडेपाचच्या सुमारास नोंद झाली. नुकसान काही झालं नाही. तरीही ती दुपार माझ्या डोक्यातून गेली नाही. माझ्या शाल-श्रीफळाच्या चित्रानं एका सातबाऱ्याची नोंद अडवली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

फोनची फसगत

आता प्रश्न असा, की पुतण्यानं माझी भाषणं पाहिलीच नव्हती (हे त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं), तर डेटा गेला कुठे? मी बँकेत सदतीस वर्षं काढली. हिशेब न जुळणं मला सहन होत नाही. त्याच ओट्यावर घरातले तिन्ही मोबाइल मागवून घेतले.

रिचार्ज एकाच मोबाइलवर होता, पुतण्याच्या. सूनबाईंचा आणि मुलाचा जुना, असे दोन मोबाइल त्याच्याच हॉटस्पॉटवर चालत. खेडोपाडी आज असंख्य घरांत हेच आहे; एक विहीर आणि तीन मोटा. आणि इथेच खरी मेख होती. व्हॉट्सॲपमध्ये मुळात अशी सोय असते, की मोबाइल डेटावर असताना फक्त फोटो आपोआप उतरतात आणि व्हिडिओ वगैरे सगळं वाय-फाय असेल तेव्हाच उतरतं. पुतण्याचा स्वतःचा मोबाइल त्याप्रमाणे शहाण्यासारखा वागला होता. पण हॉटस्पॉटवर जोडलेल्या फोनला बऱ्याचदा वाटतं, की आपण वाय-फायवर आहोत, म्हणजे अमर्याद पाण्याच्या काठावर. दुसऱ्याच्या दीड जीबीतून आपण पितोय हे त्याला कळत नाही.

त्या दोन फोननी सकाळी हॉटस्पॉट सुरू होताच माझे सहाच्या सहा तुकडे आपापले उतरवून घेतले. साडेतीनशे दुणे सातशे एमबी. मुलाच्या मोबाइलनं 'वाय-फाय मिळालं' म्हणून दोन-तीन ॲपही नवी करून घेतली. उरलेलं कार्टूननं संपवलं. दीड जीबीचा हिशेब जुळला. बँकेत रोकड जुळल्यावर बरं वाटायचं, तसं या वेळी वाटलं नाही.

पैसे घेणाऱ्यानं द्यायचे

माझ्या लहानपणी एक प्रकार होता, नॉटपेड पत्राचा. पाठवणाऱ्यानं तिकीट लावलं नाही किंवा कमी लावलं, तर पोस्ट ते पत्र फेकून देत नसे. ज्याला पाठवलं त्याच्याकडून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे वसूल करी. पोस्टमन दारात उभा राहून म्हणे, 'नॉटपेड आहे, घेता का?' घरात कुजबुज होई. न घ्यावं तर आत काही निकडीचं असलं तर? घ्यावं तर नसते पैसे. बहुतेक वेळा वडील पैसे देत, पाकीट फोडत आणि आत कुणा दूरच्या नातेवाइकाची नुसती खुशाली निघे. मग आठवडाभर त्या माणसाचा उद्धार चाले.

आज मोबाइलवरून आपण जे जे पाठवतो, ते सगळं अर्धं नॉटपेड असतं. पाठवताना आपला डेटा एकदा जातो, पण उतरवून घेताना प्रत्येकाचा वेगळा जातो. माझे साडेतीनशे एमबी सत्तेचाळीस फोनवर गेले असं धरा. गुणाकार करून पाहिला: सोळा हजार चारशे पन्नास एमबी, म्हणजे सोळा जीबीच्या वर. माझ्या खिशातून गेले त्यातले फक्त साडेतीनशे. शिवाय जुन्या नॉटपेडमध्ये एक सभ्यपणा होता. पोस्टमन विचारत असे. इथे कुणी विचारत नाही. घेणाऱ्यानं पैसे दिले हे घेणाऱ्यालाच कळत नाही.

गंमत अशी की हा अन्याय आपल्या देशानं एकदा ओळखला होता. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरून पहिलं संभाषण झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं मोबाइलवर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. लोक नंबर पाहून फोन तोडत आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून उलटा फोन करत. २००३ साली 'फोन करील तो पैसे भरील' हा नियम आला आणि मगच मोबाइल सामान्य माणसाचा झाला. डेटाच्या बाबतीत असा नियम कुणी करू शकणार नाही. तिथे नियम आपला आपणच करायचा.

मोजण्याची सवय

मोजून बोलण्याची सवय माझ्या पिढीला होती. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडत, म्हणून 'लगेच निघ' यापलीकडे कुणी लिहीत नसे. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवाच बंद झाली. ऐंशीच्या दशकात मी जळगाव जामोदला घाटाखाली नोकरीला होतो, तेव्हा वरिष्ठ कार्यालयाशी बोलायचं तर सकाळी ट्रंक कॉल नोंदवून ठेवायचा आणि तो लागला की आधी कागदावर लिहून ठेवलेले मुद्दे भराभर वाचून दाखवायचे. पुढे एसटीडी आलं. रात्री अकरानंतर चौथाई दर, म्हणून बूथवर अकरा वाजता रांग लागायची. काचेच्या खोक्यात माणूस बोलायचा आणि डोळे लाल आकड्यांवर.

इंटरनेटही सुरुवातीला असंच मोजून होतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं ते सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. मोबाइलवर आल्यावरही बराच काळ ते महागच होतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी ग्राहकाला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, दरयुद्ध पेटलं आणि २०१८ पर्यंत तोच जीबी बारा रुपयांच्या आत आला. आज माणशी महिन्याची सरासरी वीस जीबीच्या पुढे गेली आहे.

स्वस्ताई वाईट नाही. तिच्यामुळेच माझा पुतण्या बांधावरून पिकाची नोंद करू शकतो. पण स्वस्त वस्तू कुणी मोजत नाही, आणि जी मोजत नाही ती कुठे झिरपते हे कळत नाही. शिवाय स्वस्ताई कायमची नसते. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा तीन-तीन मोबाइलचे रिचार्ज करणाऱ्या घरांना ते चांगलंच जाणवलं. आमच्या जिल्ह्याला तरी हे सांगायची गरज नसावी. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेली माणसं आम्ही. भांडी विसळलेलं पाणी झाडाला घालणाऱ्या घरातच मोबाइलचा नळ मात्र दिवसरात्र उघडा राहतो, कारण त्याचा आवाज येत नाही.

पंधरा दिवसांची वही

दिवाळीहून परत आल्यावर मी शंभर पानी वही घेतली आणि पंधरा दिवस डेटाची रोजकीर्द लिहिली. रात्री साडेनऊला मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये जायचं, नेटवर्क आणि इंटरनेट या सदरात डेटा वापराचं पान उघडायचं आणि कोणत्या ॲपनं किती खाल्लं ते वहीत उतरवायचं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलमध्ये सदरांची नावं थोडी वेगळी असतात, पण हे पान जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतं. हेच आपलं पासबुक. बहुतेकांनी ते एकदाही उघडलेलं नसतं.

माझा रोजचा खर्च सरासरी अकराशे एमबी निघाला. त्यातलं मी जाणूनबुजून काय वापरलं? सकाळी वर्तमानपत्रं चाळली, संध्याकाळी तासभर नाट्यसंगीत, पुण्याच्या मुलीशी दहा मिनिटं व्हिडिओवर बोलणं, गटांवरच्या गप्पा. सगळं मिळून पाचशे एमबीच्या आत. म्हणजे निम्म्याहून अधिक खर्च मी केलाच नव्हता, तो माझ्या नावावर पडत होता.

बँकेत 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' नावाचा प्रकार असतो. ग्राहक एकदा सही करतो, की दर महिन्याला अमुक रक्कम अमुक ठिकाणी वळती करा. तीन-चार वर्षांनी तोच ग्राहक तावातावानं येतो, माझे पैसे न विचारता का कापता म्हणून. आम्ही कपाटातून जुना कागद काढून त्याचीच सही त्याला दाखवायचो. मोबाइलचंही तसंच आहे. नवा फोन घेतल्या दिवशी घाईघाईनं 'अनुमती द्या', 'पुढे', 'मान्य' असं जे आपण दाबत जातो, त्या आपल्या सह्याच. पंधरा दिवसांच्या वहीवरून मी माझ्या सह्या शोधल्या आणि एकेक रद्द केली. त्या क्रमानंच सांगतो.

पहिली व्हॉट्सॲपची. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' असं सदर आहे. त्यात मीडिया आपोआप उतरवून घेण्याबद्दल तीन ओळी आहेत: मोबाइल डेटावर, वाय-फायवर आणि रोमिंगमध्ये. मी तिन्ही ठिकाणच्या खुणा काढून टाकल्या. वाय-फायची मुद्दाम काढली, कारण हॉटस्पॉटची फसगत तिथेच होते. आता जे पाहायचं त्यावर बोट ठेवलं की तेवढंच उतरतं. पोस्टमन पुन्हा विचारू लागला. तिथेच फोनवर बोलताना कमी डेटा वापरण्याची एक कळ आहे, तीही चालू केली.

दुसरी यूट्यूबची. व्हिडिओचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला एक मेगाबिट या बेतानं चित्र येत असेल, तर तासाला साडेचारशे एमबी लागतात. चित्र जितकं रेखीव, तितका हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. सहा इंचांच्या पडद्यावर आमच्या वयाच्या डोळ्यांना तो फरक दिसतच नाही. व्हिडिओच्या दर्जाच्या सदरात मोबाइल नेटवर्कसाठी 'डेटा सेव्हर' निवडला. यादी वर सरकवताना जे व्हिडिओ मुक्यानं आपोआप नाचू लागतात, ते बंद केले; फेसबुकमध्येही तेच केलं. आणि नाट्यसंगीत ऐकायला चित्र लागतं कशाला? सेकंदाला ९६ किलोबिटच्या नुसत्या आवाजाला तासाला सुमारे त्रेचाळीस एमबी पुरतात. जिथे साडेचारशे लागत होते तिथे त्रेचाळीस. गाणं तेच.

तिसरी सही ॲप आपोआप नवी होण्याची आणि चौथी फोटो आपोआप दूर कुठेतरी साठवून ठेवण्याची. प्ले स्टोअरमध्ये 'फक्त वाय-फायवर' असं ठेवलं आणि फोटोंच्या साठवणीला मोबाइल डेटा बंद केला. इथे एक सावधगिरी हवी. या गोष्टी कायमच्या बंद करू नयेत. ॲप जुनी राहिली की धोकाही वाढतो आणि फोन हरवला तर फोटो जातात. महिन्यातून एकदा मुलाकडे किंवा जिथे घरचा ब्रॉडबँड असेल तिथे बसून हे उरकून घ्यावं.

पाचवी गोष्ट पुतण्याच्या घरासाठी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. जो मोबाइल दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर चालतो, त्याच्या वाय-फायच्या यादीत त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन तो 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारा आहे, असं सांगून ठेवता येतं. मग फोन जरा हात आखडून वागतो. शिवाय काम झालं की हॉटस्पॉट बंद करावा. मोटर चालू ठेवून कुणी जेवायला जात नाही.

याशिवाय फोनमध्ये 'डेटा सेव्हर' नावाची एक मुख्य कळ असते. ती चालू केली की आपण न उघडलेली ॲप मागच्या मागे डेटा खाऊ शकत नाहीत. मात्र निरोपाचं ॲपही त्यात अडकलं तर उघडून पाहीपर्यंत निरोप कळत नाही, म्हणून अशी दोन-तीन ॲप अपवादात घालावीत. ठरावीक आकड्याला सावध करणारी घंटा आणि त्यापुढे कुलूप लावण्याची सोयही तिथेच असते. लोणारला किंवा समृद्धी महामार्गावरून लांब जायचं असेल, तर नकाशाचा तेवढा भाग आधीच घरी उतरवून ठेवता येतो; वाटेत रेंज गेली तरी अडत नाही.

आणि ज्यांना डेटा लागतच नाही त्यांचं काय? माझी थोरली बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्याकडे बटणांचा फोन. वर्षानुवर्षं ती डेटासकटचा रिचार्ज करत होती, कारण दुसरा मिळतच नाही असं तिला सांगण्यात आलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणानं कंपन्यांना फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवण्याची सक्ती केली. ताईला मी तो करून दिला. 'इतके दिवस न जेवता ताटाचे पैसे भरत होते म्हण की,' ती म्हणाली. पूर्वाश्रमीचा बँकवाला म्हणून आणखी एक सांगतो. साध्या फोनवरूनही *९९# दाबून इंटरनेटशिवाय खात्याची शिल्लक पाहता येते, पैसेही पाठवता येतात.

पंधरा दिवसांनी दुसरी वही उघडली. रोजचा खर्च अकराशेवरून साडेचारशेवर आला होता. नाट्यसंगीत बंद झालं नव्हतं आणि मुलीशी बोलणंही.

शिल्लक कुठे ठेवणार?

हे सगळं मी मोठ्या अभिमानानं सौ.ला दाखवलं. तिनं वही पाहिली आणि विचारलं, 'हे उरलेले हजार एमबी रात्री बाराला कुठे जातात?'

'संपतात,' मी म्हणालो.

'मग वाचवून काय मिळवलंत? बँकेत ठेवणार आहात का?'

प्रश्न बिनतोड होता. हे खातंच विचित्र आहे. यातली शिल्लक रोज मध्यरात्री बुडते. 'संपवला नाही तर वाया जाईल' म्हणून रात्री अकरा ते बारा मुद्दाम व्हिडिओ पाहणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि वाया काय जातं तर झोप. सौ.ला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर सुचलं ते असं. पुढचा रिचार्ज करताना दुकानदार सांगेल तो घ्यायचा की आपल्याला लागतो तो, हे ठरवायला आता माझ्याकडे वही आहे. दुसरं म्हणजे निकड सांगून येत नाही. दुपारी दोन वाजता बांधावर उभं राहिल्यावर जो अर्धा जीबी लागतो, तो सकाळी आठला वाया गेलेला नसावा लागतो.

पण खरं उत्तर तिसरंच आहे. माझ्या वहीत माझ्या उतरवण्याचा हिशेब होता. मी जे पाठवतो त्यानं दुसऱ्याच्या वहीत काय मांडलं जातं, ते माझ्या वहीत कुठेच येत नव्हतं.

एका संध्याकाळी सहज एक गणित मांडलं. माझी सगळ्यांत मोठी कादंबरी अडीचशे पानांची. पानाला साधारण दीड हजार अक्षरचिन्हं धरा. संगणकात देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. गुणाकार केला तर सव्वा अकरा लाख बाइट, म्हणजे एक एमबीहून किंचित जास्त. नोकरी सांभाळून, पहाटे उठून, सहा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक एका एमबीत मावतं. सेकंदाला एक मेगाबिटच्या व्हिडिओची ही नऊ सेकंदं. आणि माझ्या सत्काराचे ते सहा तुकडे? तशा तीनशेहून अधिक कादंबऱ्या. त्या मी एका रात्रीत सत्तेचाळीस माणसांच्या दारात, नॉटपेड, नेऊन टाकल्या होत्या.

याचा अर्थ हात आखडून बसावं असा नाही. पुतण्याची मुलगी दहावीत आहे. गणिताचे धडे ती मोबाइलवर पाहते. तिच्यासाठी चित्र रेखीवच हवं, आकृतीतले आकडे दिसायला हवेत. पुतण्या फवारणीआधी ढगांचं चित्र पाहतो. परदेशी गेलेल्या नातवाचं तोंड आजीला पाहायचं असतं. तिथे एमबी मोजू नये. कर्ज चांगलं की वाईट हे रकमेवरून ठरत नाही, ते कशासाठी काढलं यावरून ठरतं, हे आम्ही बँकेत शिकलो. डेटाचंही तेच. आणि या कामांसाठी तो हाताशी राहावा म्हणूनच बाकीचे नळ बंद करायचे.

आमच्या गटावर मी आता एक नियम पाळतो. व्हिडिओ मागितल्याशिवाय कुणाला पाठवायचा नाही. सांगायचं ते लिहून सांगायचं. सकाळच्या फुलांची आणि सुविचारांची चित्रं बंद केली, तेव्हा दोन दिवसांनी एका मावसभावाचा फोन आला, 'तब्येत बरी आहे ना?' मी म्हटलं, बरी आहे. त्या निमित्तानं आम्ही वीस मिनिटं बोललो. वर्षभरात बोललो नव्हतो.

अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणीचं भाकीत सांगतात. कुणी त्यावर विश्वास ठेवो न ठेवो, पाऊसपाणी कसं म्हणतात हे घाटावर आणि घाटाखाली सगळ्यांनाच ऐकायचं असतं. दरवर्षी त्या सकाळी आमच्या गटावर त्याच प्रसंगाचे सहा-सात व्हिडिओ येऊन आदळायचे, त्यातले दोन माझे. या वेळी मी ते भाकीत चार ओळींत लिहून पाठवलं. जेमतेम हजार बाइट.

पुतण्याचं उत्तर लगेच आलं, वावरातूनच. 'समजलं, काका. पेड आलं.'